पुस्तकं फाडणारे काका

माझ्या ओळखीत पुस्तकं फाडणारा एकच माणूस आहे, आणि हिशोबातलं मला जे काही थोडंफार कळतं ते त्या माणसामुळे.

पुस्तकाला पाय लागला तर आपण पटकन वाकून नमस्कार करतो. काका पुस्तक हातात घेतलं की आधी त्याची पाठ मोडायचे, मग ते मधूनच उघडायचे, उभ्या उभ्या एक पान वाचायचे आणि पसंत पडलं तर तेवढी पानं टरकन ओढून काढायचे. उरलेलं पुस्तक परत ढिगात. चेहऱ्यावर पश्चात्तापाचा लवलेश नाही. भाजीवाल्याकडे वांगी निवडणारा माणूस जितका शांत असतो तितके शांत.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते भिवंडीतल्या धामणकर नाक्याजवळच्या रद्दीच्या दुकानात. मी तिथे अकरावी वाणिज्यचं जुनं पुस्तक शोधायला गेले होते, कारण दोनच दिवसांपूर्वी मी एक खोटं बोलून बसले होते. त्याआधी दीड वर्ष मी पूर्ण्याच्या एका गोडाऊनमध्ये पार्सलं स्कॅन करत होते. काँट्रॅक्ट संपलं, आम्हा पोरींना एका ओळीत उभं करून ‘थँक यू’ म्हटलं गेलं, आणि मी घरी. पप्पा कशेळीला वॉचमन, त्यांचे गुडघे आदल्या वर्षापासूनच संपावर गेलेले. तेवढ्यात शांतीनगरच्या एका लूमवाल्या शेठना हिशोबाला माणूस हवा असल्याचं कळलं. चोवीस लूमचा, म्हणजे यंत्रमागांचा कारखाना. शेठनी विचारलं, “कंप्युटर पे हिसाब आता है?” माझी पदवी बी.ए.ची, तीही राज्यशास्त्राची. मी म्हटलं, “आता है.” सोमवारपासून ये म्हणाले.

मोबाईलवर शोधायला गेले तर शिकवणाऱ्यांचा पूर आलेला. एक म्हणे तीस दिवसांत अकाउंटंट व्हा, दुसरा म्हणे तीन तासांत. एक जाकीटवाला म्हणाला की डेबिट-क्रेडिट इतकं सोपं आहे की दहा मिनिटांत समजेल. चाळीस मिनिटं झाली तरी तो स्वतःचीच ओळख करून देत होता, आणि शेवटी म्हणाला की खरं शिकायचं असेल तर माझा कोर्स विकत घ्या. कल्याण नाक्यावरच्या क्लासची फी ऐकून मी पाणीसुद्धा न पिता खाली उतरले. आमच्या विहारातल्या अभ्यासिकेत पुस्तकं पुष्कळ होती, पण सगळी पोलीसभरतीची आणि स्पर्धा परीक्षांची. हिशोबाचं एकही नाही. तेव्हा उरली रद्दी.

ढिगातून मी एक जाडजूड, बरं दिसणारं पुस्तक उपसलं. तेवढ्यात कागदांच्या गठ्ठ्यावर बसलेल्या एका म्हाताऱ्याने ते माझ्या हातातून काढूनच घेतलं.

“हे घेऊ नकोस.”

“का? तुम्हाला पाहिजे?”

“मला कशाला? ह्याने घसारा व्याख्येपासून सुरू केलाय. ज्याला घसारा सांगता येत नाही त्याला काहीच सांगता येत नाही.”

वस्तू वापरून झिजते म्हणून हिशोबात दरवर्षी तिची किंमत थोडी उतरवायची, तो घसारा, हे मला आज माहीत आहे. त्या दिवशी मी नुसती मान हलवली. त्यांनी दुसरं पुस्तक उघडलं, एक पान वाचलं आणि एकदम खूश झाले. “हे बघ. ‘एका माणसाने रिक्षा घेतली.’ ह्याने कधीतरी रिक्षात बसून बघितलंय. हा माणसासारखा बोलतो.” आणि माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी अकरा पानं फाडली, घडी केली आणि माझ्या हातात दिली.

रद्दीवाला भाई ओरडला, “चाचा, पूरी किताब का पैसा लूँगा!”

“क्यूँ? काँटे पे रख. जितना कम हुआ उतने का ले.”

हे भांडण त्या दोघांत दर आठवड्याला व्हायचं. काका किलोवर पुस्तकं घ्यायचे, त्यातली शंभर ग्रॅम पानं काढून घ्यायचे आणि नऊशे ग्रॅम परत करायला यायचे. भाई म्हणायचा, फाटलेलं पुस्तक कोण घेणार? काका म्हणायचे, तू रद्दी विकतोस की ग्रंथालय चालवतोस? शेवटी भाई दोन्ही हात वर करून आभाळाकडे बघायचा आणि चहा मागवायचा. त्यांच्या मैत्रीचं खातं गेली कित्येक वर्षं असंच चालू होतं.

काका एका साइझिंगमध्ये हिशोबनीस होते. सुताला लूमवर चढवण्याआधी खळ लावतात, तो कारखाना. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. दोन खोल्यांचं घर, त्यातली एक कागदांनी भरलेली. फाडलेल्या पानांचं ते काय करायचे ते मला तिथे जायला लागल्यावर कळलं. ह्या पुस्तकातला घसारा, त्या पुस्तकातलं बँकेचं मेळपत्रक, तिसऱ्यातला भागीदारीचा हिशोब अशी पानं एकावर एक रचायची, दाभण घ्यायचं आणि लूमच्या दोऱ्याने शिवून टाकायची. वर जुन्या कॅलेंडरचं कव्हर. असली आठ-दहा पुस्तकं त्यांच्याकडे होती. पानांचे आकार वेगळे, छपाई वेगळी, मराठीनंतर एकदम इंग्रजी, मधूनच उर्दू माध्यमाच्या शाळेचं एक प्रकरण. काकांना उर्दू येत नव्हतं. ते शेजारच्या मौलवींच्या मुलाकडून वाचून घेतलं होतं आणि समासात पेन्सिलीने मराठीत लिहिलं होतं. “अख्ख्या भिवंडीत उधारी-वसुली इतकी चांगली कोणी समजावली नाही,” ते म्हणायचे. ह्या पुस्तकांना काकू गोधड्या म्हणायच्या.

काकू वज्रेश्वरीकडच्या. माझ्यासमोर त्यांनी पहिलंच वाक्य टाकलं ते असं: “बस पोरी, जागा मिळेल तिथं बस. ह्या घरात माणसाला जागा न्हाय, जमाखर्चाला हाय.”

मी विचारलं, “काका, एकच चांगलं पुस्तक सांगा ना. एवढं सगळं कुठे वाचत बसू?”

“एका झाडाचे सगळे आंबे गोड असतात काय? पुस्तक शोधायचं नसतं, पान शोधायचं असतं.”

पानं शोधायच्या त्यांच्या रीती जगावेगळ्या होत्या. व्हिडिओ बघायचा तर आवाज बंद करून. मला वाटलं, ह्यांच्या कानांचा काही घोटाळा असेल. तसं नव्हतं. “आवाज बंद केला की माणसाची बडबड जाते, हात राहतो. हात काय लिहितो ते बघ. आधी काय लिहितो, मग काय लिहितो, कुठे थांबतो. जो मध्ये थांबून पोरांकडे बघतो तो शिकवणारा. जो थांबत नाही तो विकणारा.” गंमत वाटेल, पण ही युक्ती मी आजही वापरते आणि ती आजवर चुकलेली नाही. जाकीटवाल्याचा आवाज बंद केल्यावर कळलं, की चाळीस मिनिटांत त्याने फळ्यावर स्वतःच्या नावापलीकडे काही लिहिलंच नव्हतं.

आवडलेल्या व्हिडिओखाली ते शेरा लिहायचे, म्हणजे सांगायचे आणि मी टाइप करायचे. ‘महोदय, आपण तेविसाव्या मिनिटाला जे उदाहरण दिले ते उत्तम आहे, परंतु आकडा बदलून पुन्हा दिले असते तर मागे बसलेल्या मुलालाही कळले असते.’ एकदा एका मास्तरांचं उत्तर आलं, ‘थँक यू सर, कीप सपोर्टिंग,’ आणि पुढे दोन हात जोडलेले. काका दोन दिवस घुश्शात होते. “मी सपोर्ट कुठे केला? मी चूक दाखवली!”

क्लासवाल्यांच्या तर ते मुळावरच आले होते. ‘पहिला तास मोफत’ अशी पाटी दिसली की आत जाऊन पहिल्या बाकावर बसायचे. सत्तरीच्या उंबरठ्यावरचा माणूस, पायात प्लॅस्टिकच्या चपला, खिशाला दोन पेनं. चहा प्यायचे आणि तास संपता संपता एकच प्रश्न विचारायचे: “सर, इथे यायच्या आधी तुम्ही कुठे कामाला होता?” ह्या प्रश्नाने त्यांना तीन क्लासांतून बाहेर काढलं. चौथ्या क्लासमधल्या बाईंनी सांगितलं, की मी बारा वर्षं पतपेढीत होते आणि अजून संध्याकाळी जाते. काकांनी उठून त्यांना नमस्कार केला आणि नंतर ओळखीतल्या सहा पोरांना तिकडे धाडलं.

फुकट मिळणाऱ्या चांगल्या गोष्टींची त्यांना लहान मुलासारखी अपूर्वाई होती. शाळेची सरकारी पुस्तकं मोबाईलवर फुकट उतरवता येतात, सीएच्या परीक्षेचं साहित्य फुकट मिळतं, मोठमोठ्या कंपन्या आपला वर्षाचा अहवाल कोणालाही वाचू देतात, हे ते मला असं सांगायचे जसं काही हे गुपित आम्हा दोघांनाच ठाऊक. अहवाल मात्र शेवटाकडून वाचायला लावायचे. “पुढे फोटो असतात, साहेब हसतायत, झाड लावतायत. खरं काय झालं ते मागे, बारीक अक्षरात. माणसाने लपवायचं ते नेहमी मागे ठेवलेलं असतं.”

आणि शिकवणं? ते काकांनी कधी केलंच नाही. ते पानं द्यायचे. मी रात्रीतून वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर काकूंना समजावून सांगायचे. काकू चौथी शिकलेल्या. त्या वाल सोलत बसायच्या आणि ऐकायच्या. काका कोपऱ्यात पेपर धरून, न वाचता.

“न्हाय कळलं,” काकू म्हणायच्या.

मी पुन्हा सांगायचे.

“आता इंग्रजी बोलतीस. मराठीत सांग.”

तिसऱ्यांदा कधीतरी त्यांचा हात थांबायचा. “म्हंजे आपल्या मिक्सरवानी. घेतला तवा केवढ्याला, नि आता भंगारवाला तरी घील काय!” असं झालं की काका पेपरामागून म्हणायचे, “पुढचं पान घे.” चार महिन्यांत मी काकूंना रोजकीर्द, खतावणी, बँकेचा मेळ, सगळं शिकवलं. खरं म्हणजे काकूंनी मला शिकवलं. एकदा तर त्यांनी घरमालकाला भाडेपावतीतली चूक दाखवली, आणि तो माणूस बावरून काकांकडे बघायला लागला.

शेठकडे माझं बरं चाललं होतं. शेठ तोंडाने फटकळ, पण पगार सात तारखेला हातात. मला ‘बेटा’ म्हणायचे, चुकलं की ‘मॅडम’ म्हणायचे.

मग काका-काकू आठवडाभर गावाला गेले, काकूंच्या भावाकडे लग्न होतं. आणि नेमकं त्याच आठवड्यात शेठना घाई झाली. बाजूच्या गल्लीतला एक कारखाना बंद होत होता, त्याचे आठ लूम विकायला निघालेले. शेठ म्हणाले, “बेटा, जरा देख के बता, अपन कितने में खड़े हैं. नफा दिखता है तो ले लेता हूँ.”

असा वर्षाचा हिशोब मी तोवर कधी काढला नव्हता. ते पान काकूंपुढे अजून झालंच नव्हतं. पण मला कुठे धीर! मी एक व्हिडिओ शोधला. आवाज बंद करून पाहिला, मास्तर थांबत होता, हात स्वच्छ होता. चांगलाच होता तो. उदाहरण होतं किराणा दुकानाचं: दुकानात उरलेला माल मोजा, त्याची किंमत लावा, नफ्यात धरा. मी कारखान्यात जाऊन सुताच्या गोण्या मोजल्या, सूत गुंडाळलेले बीम मोजले, तयार कापडाचे ताके मोजले, बाजारभावाने किंमत लावली. दोन्ही बाजूंची बेरीज पैशाला पैसा जमली. मी खुर्चीतल्या खुर्चीत टाळी वाजवली.

शेठनी खालचा आकडा बघितला आणि “अल्लाह का करम है” म्हणाले. कारखान्यात आणि मोहल्ल्यात मिठाई वाटली, मला पाव किलो वेगळी. लूम विकणाऱ्याला बयाना म्हणून आगाऊ रक्कम दिली. शुक्रवारी नमाजनंतर सह्या करायच्या, बाकीची रक्कम घर तारण ठेवून उभी करायची, असं ठरलं.

बुधवारी काका गावाहून आले. मी दुपारीच सुट्टी टाकून मिठाई आणि मोबाईल घेऊन पळत गेले. काकांनी चष्मा पुसला, मोबाईल हातात घेतला, खालपासून वर वाचत गेले. शाबासकीची वाट बघत मी बर्फीचा बॉक्स उघडत होते.

“ह्या सुताचं बिल कुठाय?” त्यांनी विचारलं.

“बिल नाही काका, चलान आहे. व्यापारी चलानवर सूत पाठवतो.”

“पाठवतो. विकतो का?”

माझा हात बॉक्सवरच राहिला.

भिवंडीत जन्मलेली मी. शेंबडं पोरसुद्धा जाणतं, की आपल्याकडचा छोटा लूमवाला मजुरीवर विणतो. सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, लूमवाल्याची फक्त मेहनत. शेठनाही ते माहीत होतंच, पण ते खालचा आकडा बघत होते आणि आकड्यात सूत दिसत नाही. आणि मी? मी किराणा दुकानदाराचा व्हिडिओ बघून दुसऱ्याचं सूत शेठच्या नफ्यात घातलं होतं. ते काढलं तर नफा जवळजवळ राहतच नव्हता.

“पण काका, दोन्ही बाजू जमल्या होत्या!”

“जमणारच. दोन्हीकडे सारखंच खोटं लिहिलं की तेही जमतं.”

मी रडायला लागले. शेठ घर तारण ठेवणार होते. आणि सांगायला जावं तर माझी नोकरी गेली, पप्पांची औषधं, घरभाडं, सगळं माझ्या त्या पगारावर. मी म्हटलं, “काका, शेठ आठ लूम घेतील, कदाचित चालतीलही. कदाचित काही होणार नाही.” मला माझीच लाज वाटत होती, तरी मी ते म्हटलं.

काकांनी मोबाईल खाली ठेवला. मग भिंतीकडे बघत बोलायला लागले.

“तुझ्याएवढा होतो. साइझिंगच्या आधीची गोष्ट. एका शेठकडे बारा लूम होते. मीही एका गाइडातून शिकलेलो, त्यात सगळी उदाहरणं दुकानाची. मी पण सूत धरलं. शेठनी बायकोचं सोनं ठेवून सहा लूम घेतले. पुढे मंदी आली, व्यापाऱ्याने आपलं सूत उचललं, लूम भंगारात किलोवर गेले. शेठ बायकापोरं घेऊन आपल्या मुलखाला परत निघाला, तेव्हा माझा हात हातात घेऊन काय म्हणाला माहितीये? ‘मास्टर, तुम्हारा हिसाब तो पक्का था, मेरा नसीब कच्चा निकला.’”

“तुम्हाला माहीत नव्हतं ना काका,” मी म्हटलं.

“माहीत होतं. सह्या व्हायच्या चार दिवस आधी लक्षात आलं होतं. गप्प बसलो. नोकरी गेली असती, आणि आमचं लग्न ठरलेलं होतं.”

काकू वालाची परडी बाजूला ठेवून त्यांच्याकडे बघत होत्या. “एवढी वर्सं झाली, मला एका सबदानं बोलला न्हाय हा मानूस,” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. “तू ऊठ पोरी. आताच जा.”

मी गेले. शेठपुढे उभी राहून सगळं सांगितलं. शेठनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, “मतलब नफा नहीं है?”

“थोड़ा है, सेठ. बहुत थोड़ा.”

“मैंने पूरे मोहल्ले में मिठाई बाँटी! बयाना दिया! मॅडम, आपको हिसाब आता है बोला था ना?”

“झूठ बोला था, सेठ.”

तेही सांगून टाकलं. एकदा सांगायला लागले होते, मग कशाला ठेवा. शेठनी दाराकडे बोट केलं. उद्यापासून येऊ नकोस.

परत येऊन मी काकांना सांगितलं. त्यांनी एवढंच विचारलं, “सगळं बोललीस?” मी म्हटलं, “सगळं.” ते मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते इस्त्रीचा शर्ट घालून आमच्या दारात उभे. “चल. शेठकडे जायचंय.” पप्पांनी जयभीम घातला, चहा विचारला, तर म्हणाले नंतर.

इथे थोडं थांबून सांगते. आज मी सात कारखान्यांचे हिशोब बघते. पप्पा घरी बसून आराम करतात. काका-काकू आता काकूंच्या गावाला राहतात. काकांना दिसतं कमी, पण मी बसने जाते तेव्हा पिशवीतली पानं हाताने चाचपून विचारतात, “घसारा कसा सांगितलाय?” माझ्याकडे पोरी येतात, कोणता कोर्स करू, कोणता व्हिडिओ बघू म्हणून. मी त्यांना काकांच्या सगळ्या युक्त्या सांगते. ह्या माणसाचे उपकार माझ्यावर इतके आहेत की ते मोजायला बसण्यात अर्थ नाही. पण त्यांनी मला सर्वांत मोठं जे दिलं ते कुठल्याच पानावर नव्हतं. ते त्या गुरुवारी शांतीनगरमध्ये दिलं, म्हणून ते शेवटी सांगते आहे.

लूमच्या कारखान्यात माणसाला माणसाचं ऐकू येत नाही. चोवीस लूम एकदम खडखडत असतात, कारागीर एकमेकांशी हाताने बोलतात. शेठ आत, अगदी मधल्या बोळात, एका बिघडलेल्या लूमपाशी उभे होते. काका ऑफिसात थांबले नाहीत. सरळ आत शिरले आणि त्यांच्यापुढे जाऊन उभे राहिले.

“गलती मेरी है!” काका म्हणाले.

शेठनी कानामागे हात नेला.

“गलती मेरी है! लड़की को मैंने सिखाया!”

शेठना काहीच ऐकू येईना. त्यांनी भुवया उडवून माझ्याकडे बघितलं. काकांनी दोन्ही हात तोंडाशी धरले आणि ओरडले. त्यांच्या मानेच्या शिरा ताठ झाल्या होत्या. इस्त्रीच्या शर्टातला एक म्हातारा मालकावर ओरडतोय हे बघून कारागिरांना वाटलं, कोणाला तरी लागलं. एकाने लूमचं हँडल ओढलं, मग दुसऱ्याने, मग तिसऱ्याने. एकेक करून सगळे लूम थांबले. काकांना ते कळलंच नाही. त्या शांततेत त्यांचा आवाज पत्र्यावर जाऊन आदळला, “गलती मेरी है!”

सगळा कारखाना बघत होता. काका हात खाली घेऊन हळू बोलायला लागले. “जो सिखाया वो भी मेरा, जो सिखाना रह गया वो भी मेरा. लेकिन सेठ, इसने आके बता दिया. मैंने नहीं बताया था.”

शेठ गोंधळले. “आपको कब बताना था, चाचा?”

“चालीस साल पहले,” काका म्हणाले.

शेठनी त्यांच्याकडे बघितलं. जवळचं स्टूल ओढलं, त्यावरचा तेलाचा डबा उचलून खाली ठेवला, स्वतःच्या रुमालाने स्टूल पुसलं आणि काकांना दंडाला धरून बसवलं. मग माझ्यावर खेकसले, “खड़ी क्या है, मॅडम? चाचा को पानी दे, और वो लूमवाले को फोन लगा. बोल, सौदा कॅन्सल.”

बयाना बुडाला. शेठ महिनाभर त्यावरून मला बोलत होते, पण नोकरीवरून काढायचं परत कधी बोलले नाहीत.

परत येताना मी स्पेशल रिक्षा केली. शांतीनगरपासून नाक्यापर्यंतचा रस्ता म्हणजे खड्ड्यांनाच मधेमधे थोडं डांबर लागलेलं. वळणावर काकांचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. मी बघितलं तर ते झोपले होते. तोंड किंचित उघडं, चष्मा नाकावर घसरलेला, हात मांडीवर मोकळे. मी चष्मा काढून घेतला तरी जाग आली नाही. नाका आला. रिक्षावाल्याने मागे वळून विचारलं, “मॅडम, यहीं उतरना है ना?”

मी म्हटलं, “नहीं भैया. एक चक्कर और मारो. चाचा को सोने दो.”